आठपैकी आठ मिळवणारा ससा



पेट पास होऊन आता सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेल्या दोघा-तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "मुलांचं कथालेखन सुधारणं हा विषय घ्यायचा आहे, वाचायला कुठून सुरुवात करू?" उत्तर सोपं आहे. सुरुवात स्टीव्ह ग्रॅहम आणि कॅरन हॅरिस यांच्यापासून करा. या विषयावर अमेरिकेत झालेलं सगळ्यात भक्कम प्रायोगिक काम त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं आहे. मीही तिथूनच सुरुवात केली आणि तिथेच एकदा सपशेल तोंडावर आपटलो. म्हणून आज त्या कामाची थोडी परीक्षा घेऊ. आधी त्यात चांगलं काय आहे ते बघू, मग ते कुठे अपुरं पडतं ते बघू. माझी फजिती मधे येईलच.

पद्धत काय आहे?

तिचं नाव सेल्फ-रेग्युलेटेड स्ट्रॅटेजी डेव्हलपमेंट, थोडक्यात एसआरएसडी. मराठीत 'स्व-नियमित रणनीती विकास' म्हणता येईल, पण आपण एसआरएसडीच म्हणू, कारण सगळे तेच म्हणतात.

कल्पना अशी. लेखनात मागे पडणारं मूल लिहायला बसतं तेव्हा त्याच्याकडे आराखडा नसतो. पहिलं वाक्य सुचलं की ते लिहितं, त्यावरून दुसरं सुचतं, आणि पाच ओळींत गोष्ट संपते. मग अशा मुलाच्या हातात एक यादी द्यायची. गोष्टीत कोण आहे? कधी घडते? कुठे घडते? मुख्य पात्राला काय करायचं आहे? मग काय होतं? शेवट कसा होतो? पात्राला काय वाटतं? हे सात प्रश्न इंग्रजीत लक्षात राहावेत म्हणून एक छोटं सूत्र आहे, ते मुलं पाठ करतात.

पण नुसती यादी देऊन ही पद्धत थांबत नाही, आणि हीच तिची खरी ताकद आहे. शिकवण्याचे सहा टप्पे आहेत. आधी पूर्वज्ञान तयार करायचं, मग रणनीतीवर चर्चा करायची. पुढे शिक्षकाने स्वतः मोठ्याने विचार करत लिहून दाखवायचं. 'आता मला काही सुचत नाहीये, थांबतो, यादी बघतो' हेसुद्धा मुलांसमोर बोलायचं. नंतर पाठांतर, नंतर आधार देत लेखन, आणि शेवटी मुलाने एकट्याने लिहायचं. सोबत मूल स्वतःचं ध्येय ठरवतं आणि आपली प्रगती स्वतः नोंदवतं. काही वर्गांत अग्निबाणाचं चित्र देतात. गोष्टीत जितके भाग आले तितके कप्पे रंगवायचे. सगळे रंगले की अग्निबाण उडाला!

आपल्याकडे 'खालील मुद्द्यांवरून कथा लिहा, योग्य शीर्षक द्या व तात्पर्य लिहा' असं सांगून आपण मोकळे होतो. मुद्द्यांवरून कथेपर्यंत जायचं कसं, हे आपल्याला कधी कोणी करून दाखवलं होतं का? मला तरी नाही. त्यामुळे ही पद्धत पहिल्यांदा वाचली तेव्हा मी भारावून गेलो होतो.

पुरावा किती भक्कम आहे?

बराच. २००६ साली हॅरिस, ग्रॅहम आणि मेसन यांचा अभ्यास 'अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च जर्नल'मध्ये आला. गरीब वस्त्यांमधल्या शहरी शाळा, दुसरीची मुलं, आणि त्यातही लेखनात मागे पडलेली. एक गट एसआरएसडीचा. दुसरा एसआरएसडीसोबत वर्गमित्रांच्या मदतीचा. तिसरा नेहमीच्या रायटर्स वर्कशॉप पद्धतीने शिकणारा. रणनीती शिकलेल्या मुलांच्या गोष्टी अधिक लांब, अधिक पूर्ण आणि दर्जाने वरचढ ठरल्या.

मग २०१२ चं मेटा-विश्लेषण, 'जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी'मधलं. ग्रॅहम, मॅकिओन, किउहारा आणि हॅरिस यांनी प्राथमिक वर्गांतल्या लेखनशिक्षणावरचे प्रयोग एकत्र करून प्रत्येक पद्धतीचा परिणाम आकार काढला. परिणाम आकार म्हणजे काय, ते नेटच्या अभ्यासात वाचलं असेलच: दोन गटांच्या सरासरीतला फरक प्रमाण विचलनाच्या मापात. रणनीती शिकवण्याचा परिणाम आकार निघाला १.०२. शिक्षणातल्या प्रयोगांत ०.४० मिळाला तरी लोक खूश होतात, यावरून अंदाज घ्या. कल्पनाशक्ती आणि मनातली चित्रं यांवर भर देणाऱ्या शिकवण्याचा आकार ०.७०, पण त्यामागचे अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी. या गटाच्या अभ्यासांत मुलांच्या गोष्टी परीक्षकांना देण्याआधी टाइप करून घेतात आणि शुद्धलेखन, विरामचिन्हं दुरुस्त करतात. का? तर वाईट अक्षर आणि चुकलेले ऱ्हस्व-दीर्घ बघून परीक्षकाचं मत गढूळ होऊ नये म्हणून. तुम्ही मराठीत असं काही करणार असाल तर एवढं तरी नक्की उचला. आपल्याकडे 'पाणि' दिसलं की पेन आपोआप लाल होतं, गोष्ट नंतर वाचली जाते.

इथपर्यंत सगळं छान. मीही सिनॉप्सिसचा मसुदा लिहिला, यादीचं मराठीकरण केलं आणि छोटा पायलट घ्यायला एका जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या वर्गात गेलो.

फजिती

पूर्वचाचणीला मी एकच विषय दिला होता: 'पेटी'. हवी ती पेटी, हवी ती गोष्ट. गुण देण्यासाठी आठ घटक: मुख्य पात्र, स्थळ, काळ, सुरुवातीची घटना, ध्येय, कृती, शेवट, प्रतिक्रिया. ग्रॅहम आणि हॅरिस यांच्या जुन्या अभ्यासांत कथा तपासण्यासाठी हेच आठ घटक वापरलेले आहेत, म्हणून मी निर्धास्त होतो. प्रत्येक घटकाला एक गुण. दोन परीक्षक, एक मी आणि एक माझी मैत्रीण.

एका मुलीने लिहिलं होतं (शुद्धलेखन दुरुस्त करून देतो):

'आमच्या घरी एक ट्रंक आहे. ती आजीची आहे. आजी आता नाही. आई ती उघडते, वास घेते आणि बंद करते. मी आत बसले. आत आजीचा अंधार होता. आईने झाकण उघडलं. ती काहीच बोलली नाही. मग तीपण आत बसायला बघत होती पण ट्रंक लहान होती.'

माझे गुण: पात्र आहे, एक. स्थळ आहे, एक. काळ नाही. सुरुवातीची घटना नाही. ध्येय सांगितलेलं नाही. कृती आहे, एक. शेवट आहे, एक. प्रतिक्रिया, म्हणजे पात्राला काय वाटलं, लिहिलेलं नाही. एकूण आठपैकी चार. मैत्रिणीनेही स्वतंत्रपणे चारच दिले. सगळ्या वर्गात आमच्या दोघांच्या गुणांत जेमतेम फरक होता आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

मग काही तासिका आम्ही यादी शिकवली. उत्तरचाचणीला याच मुलीने हे लिहिलं:

'एका जंगलात एक ससा राहत होता. एके दिवशी सकाळी त्याला एक पेटी सापडली. त्याला पेटी उघडायची होती. त्याने दगडाने कुलूप तोडलं. पेटीत गाजर होतं. त्याने गाजर खाल्लं. त्याला खूप आनंद झाला.'

मोजा. पात्र, स्थळ, काळ, घटना, ध्येय, कृती, शेवट, प्रतिक्रिया. आठपैकी आठ.

माझ्या एक्सेल शीटमध्ये ती वर्गातली सगळ्यात जास्त प्रगती केलेली मुलगी ठरली. चारवरून आठ. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा पोटात गोळा आला. पहिल्या गोष्टीत प्रतिक्रिया नव्हती असं मी म्हटलं होतं. अहो, अख्खी गोष्टच प्रतिक्रिया होती! आईला काय वाटलं हे त्या पोरीने लिहिलं नाही, दाखवलं. लहान ट्रंकेत बसू बघणारी आई. आणि मी तिथे शून्य दिला होता.

मग चूक कोणाची?

आता इथे सावध राहा. 'अमेरिकन पद्धती आपल्या मातीत चालत नाहीत' असं म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. तसं लिहिलंत तर व्हायवात कोणीही तुम्हाला आडवं करेल. ग्रॅहम-हॅरिस यांनी नुसते घटक मोजलेले नाहीत. एकूण दर्जाचंही वेगळं मूल्यांकन केलं आहे, आणि कोणती गोष्ट कोणत्या गटातली हे परीक्षकांना माहीत नसतं. मेटा-विश्लेषणातला १.०२ हा आकडाही लेखनाच्या दर्जावरचाच आहे. मी मात्र त्यातला मोजायला सोपा भाग उचलला आणि अवघड भाग सोडला. ही चूक माझी, आणि सिनॉप्सिस लिहिणाऱ्या निम्म्या लोकांची.

पण त्यांच्या कामाबद्दलही तीन आक्षेप उरतात, आणि ते गंभीर आहेत.

पहिला आक्षेप, शिकवलं तेच मोजलं. मुलांना सात प्रश्न पाठ करायला लावले आणि नंतर गोष्टीत त्या सात प्रश्नांची उत्तरं आली का, ते पाहिलं. ज्या गटाला प्रश्न शिकवलेच नाहीत तो मागे पडणारच. रॉबर्ट स्लॅव्हिन आणि नॅन्सी मॅडन यांनी २०११ साली नेमकं हेच दाखवलं. पद्धतीच्या पोटातूनच निघालेल्या चाचण्यांवर परिणाम मोठे दिसतात आणि स्वतंत्र चाचण्यांवर ते आक्रसतात. म्हणून एखाद्या अभ्यासात 'कथा-घटकांत लक्षणीय वाढ' असं वाचलं की स्वतःला विचारा: हे कथालेखन सुधारलं, की यादी पाळणं सुधारलं? दोन्ही उपयोगाचं असू शकतं, पण ते एक नाही.

दुसरा आक्षेप, दर्जा कोणाच्या नजरेतून? घटकांऐवजी 'एकूण दर्जा' मोजला म्हणून सुटका होत नाही. सारा मायकल्सचं १९८१ चं काम वाचा. अमेरिकेतल्या पहिलीच्या वर्गात मुलं सकाळी गोलात बसून अनुभव सांगायची. काही मुलं एकाच विषयाला धरून सरळ रेषेत सांगायची. काही कृष्णवर्णीय मुलं मात्र एका प्रसंगावरून दुसऱ्यावर जायची, आणि मधला धागा ऐकणाऱ्याने पकडायचा असायचा. शिक्षिकेला तो धागा दिसायचा नाही, ती मधेच थांबवायची, 'एकाच गोष्टीबद्दल बोल' म्हणायची. पुढे मायकल्स आणि कोर्टनी कॅझ्डन यांनी अशा गोष्टी, बोलीची खूण पुसून, वेगवेगळ्या प्रौढांना ऐकवल्या. श्वेतवर्णीय ऐकणाऱ्यांना प्रसंगाप्रसंगाने जाणाऱ्या गोष्टी विस्कळीत वाटल्या. कृष्णवर्णीय ऐकणाऱ्यांना त्यातल्या बऱ्याच चांगल्या वाटल्या. गोष्ट तीच, कान वेगळे.

शर्ली ब्राइस हीथचं १९८३ चं 'वेज विथ वर्ड्स' याच्याही पुढे जातं. कॅरोलायना भागातल्या दोन कामगार वस्त्या. एकीत गोष्ट म्हणजे खरं घडलेलं, आणि त्यातून निघणारी शिकवण. तिखटमीठ लावलं तर ते खोटं बोलणं. दुसरीत तिखटमीठ हीच कला. दोन्हीकडची मुलं शाळेत आली तेव्हा शाळेला हवी असलेली गोष्ट दोघांच्याही घरच्या गोष्टीहून वेगळी निघाली.

आता आपल्याकडे बघा. आपला मराठीच्या पेपरातला परीक्षक तात्पर्य शोधतो. 'आटपाट नगर' ऐकत वाढलेल्या आजीला व्रताचं फळ मिळाल्याशिवाय कहाणी संपल्यासारखी वाटत नाही. माझ्या चौथीतल्या मुलीच्या गोष्टीला यातलं काहीच नव्हतं. दोन परीक्षकांचे गुण जुळले म्हणजे दोघे एकाच शाळेत शिकले, यापेक्षा जास्त काही सिद्ध होईलच असं नाही. विश्वसनीयता आणि वैधता यातला फरक आपण नेटसाठी दोन गुणांसाठी पाठ करतो. मला तो त्या ट्रंकेने शिकवला.

तिसरा आक्षेप, कोणाला शिकवलं? २००६ च्या अभ्यासातली मुलं लेखनात मागे पडलेली होती. ज्याला कागद कोरा दिसला की घाम फुटतो त्याला यादी म्हणजे काठीचा आधार, आणि तो द्यायलाच हवा. माझ्या पायलटमध्येही दोन मुलं अशी होती ज्यांनी पूर्वचाचणीला एक ओळ लिहिली आणि उत्तरचाचणीला सात. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता, तो मी नाकारणार नाही. पण तीच काठी पळणाऱ्या मुलाच्या हातात दिली तर ते चालायला लागतं. मी संशोधनाची शिफारस उचलली, पण ती कोणासाठी होती हे बघितलं नाही. 'प्रतिदर्श' हा रकाना वाचून पुढे जाण्यासाठी नसतो, मित्रांनो.

यादीशिवाय दुसरं काय?

दुसरी एक परंपरा आहे, जिचे परिणाम आकार तुम्हाला इतके सहज सापडणार नाहीत. शिकागो विद्यापीठाच्या लॅबोरेटरी स्कूल्समध्ये अनेक वर्षं शिकवणाऱ्या व्हिव्हियन पेली बालवाडीतल्या मुलांना गोष्ट सांगायला लावायच्या, ती जशीच्या तशी लिहून घ्यायच्या, आणि त्याच दिवशी सगळा वर्ग ती गोष्ट करून दाखवायचा. 'वॉलीज स्टोरीज' हे त्यांचं १९८१ चं पुस्तक याच वर्गावर आहे. तिथे मुलाला गोष्ट सुधारायची गरज का वाटते? ससा कुठे उभा राहणार हे मित्राला कळत नाही म्हणून. म्हणजे स्थळ हा घटक यादीतून येत नाही, समोरच्याच्या प्रश्नातून येतो.

इटालियन लेखक जानी रोदारी यांनी १९७३ च्या 'ग्रामातिका देल्ला फांतासिया' या पुस्तकात आणखी एक युक्ती दिली आहे. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द घ्या, उदाहरणार्थ कुत्रा आणि कपाट, आणि त्यांना एका गोष्टीत आणा. सशाला जंगल आणि गाजर सहज मिळतं. सशाला एसटीचं तिकीट दिलं की डोकं चालवावं लागतं.

पण इथेही तराजू तोच ठेवा. पेली आणि रोदारी वाचून मन भरून येतं, मलाही येतं. मन भरून येणं हा पुरावा नव्हे. पेलींनी आपल्याच वर्गाबद्दल लिहिलं, आणि त्या वर्गाचं वजन त्यांच्या स्वतःच्या ऐकण्यात होतं. ती पद्धत साठ मुलांच्या वर्गात, दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या हातात काय करेल, हा वेगळा आणि करण्यासारखा अभ्यास आहे. कोणाला विषय हवा असेल तर घ्या.

मी काय बदललं

गाइडना दोन्ही कागद दाखवले. त्यांनी दोनदा वाचले आणि विचारलं, "तुला नेमकं काय सुधारायचं आहे?" सिनॉप्सिसमध्ये याचं उत्तर नव्हतं. मग तीन बदल केले.

एक, घटकांचे गुण ठेवले, पण त्यांचं नाव बदललं. आधी रकान्याचं नाव होतं 'कथालेखन क्षमता'. आता आहे 'कथा-घटकांची उपस्थिती'. नाव प्रामाणिक केलं की निष्कर्षही आपोआप प्रामाणिक होतो.

दोन, सर्जनशीलतेसाठी वेगळं मोजमाप घेतलं. तेरेसा अमाबिले यांनी १९८२ साली मांडलेलं सहमती-आधारित मूल्यमापन. त्या क्षेत्रातली जाणकार माणसं घ्यायची, त्यांना निकषांची यादी द्यायची नाही, एकमेकांशी बोलू द्यायचं नाही, आणि सगळ्या गोष्टी एकमेकींच्या तुलनेत जोखायला सांगायच्या. मग मतं कितपत जुळतात ते पाहायचं. माझ्या परीक्षकांत आता शिक्षक आहेत, मुलांसाठी लिहिणारे आहेत, आणि मुलांच्याच बोलीत वाढलेली माणसंही आहेत. मायकल्स-कॅझ्डन वाचल्यावर तो शेवटचा गट वगळायची हिंमत होत नाही.

तीन, यादी सगळ्यांना एकदम द्यायची नाही. आधी मुलाने गोष्ट तोंडी सांगायची, शेजारच्याने दोन प्रश्न विचारायचे, मग लिहायचं. तरीही अडलं तरच यादी. हे बरं चालेल की वाईट ते मुख्य अभ्यासात कळेल. हरलो तर तेही इथेच लिहीन.

तुमच्यासाठी

पुढच्या वेळी 'अमुक पद्धतीमुळे मुलांचं सर्जनशील लेखन सुधारलं' असा निष्कर्ष वाचाल तेव्हा थेट शेवटच्या परिच्छेदावर उडी मारू नका. आधी साधनाचं परिशिष्ट उघडा. शिकवलेलं आणि मोजलेलं एकच आहे का? परीक्षक कोण होते? मुलं कोणती होती? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शक्य असेल तर एखाद्या मुलाची आधीची आणि नंतरची गोष्ट स्वतः वाचा, गुणांचा रकाना झाकून. तुम्हाला कोणती पुन्हा वाचावीशी वाटते?

माझी ती विद्यार्थिनी आता पाचवीत गेली. निरोपाच्या दिवशी मी तिला म्हटलं, तुझी ट्रंकेची गोष्ट मला फार आवडली होती. ती म्हणाली, "पण सर, तिला तर तुम्ही चारच दिले होते."

गुणांची वही मी मुलांना दाखवत नसे. तिने कधी पाहिली कोण जाणे. पण पाहिली होती, आणि त्यानंतरच ससा आला होता.